बिनसमुद्राच्या बडोद्याचं पाणी

रावपुरा (आता वासणा रोड)

गेल्या महिन्यात नातीला घेऊन कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेले होते. ममी बघून झाली, चित्रं बघून झाली, आणि मग ती देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांबली ती हलेचना. सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे तो. "आजी, बडोद्याला समुद्र कुठाय? मग हा आला कुठून?" माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. 1944 साली हा महीच्या मुखाशी येऊन अडकला, आणि तिथून त्याची हाडं बडोद्याला आणली. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "मग तुम्ही लहानपणी पाण्यात कुठे खेळायचात?" उत्तर द्यायला लागले, आणि वासण्यापर्यंतचा रस्ता पुरला नाही.

म्हणून हे आमंत्रण. जे बडोद्यात वाढले, मग आता कुठेही राहत असोत, त्यांनी आपल्या लहानपणीचं पाणी आठवेल तसं लिहावं. तळं, नदी, टाकं, नळ, पूर, काहीही. नाव नको, कुठे वाढलात एवढं पुरे.

सुरुवात मी करते. आमचा गणपती पाच दिवसांचा. वडील पाट डोक्यावर घेऊन अनवाणी निघायचे, आम्ही झांजा वाजवत मागे. न्यायमंदिरासमोरच्या बाजूनं सुरसागर तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पाणी वडिलांच्या कमरेपर्यंत यायचं. तीन बुड्या देऊन मूर्ती सोडली की ते खाली वाकून तळातली मूठभर माती काढायचे आणि पाटावर ठेवायचे. परतताना रिकाम्या पाटावरून ते पाणी ओघळायचं, त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटलेली असायची. मी बरोबर मागे चालायचे, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर विसर्जन म्हटलं की ती ओली पाठच येते. घरी आल्यावर आई ती माती तांदळाच्या कोठीत, कपाटात, चुलीमागे चिमूट चिमूट टाकायची. शेवाळाचा आणि कुजत्या झेंडूचा वास यायचा तिला. दुसऱ्या दिवशीच्या भातालाही तो येतो असं मला वाटायचं.

आता विसर्जन नवलखी मैदानातल्या कृत्रिम तळ्यात होतं, आणि ते तळ्याच्या दृष्टीनं योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुरसागरला चांगली फरसबंदी झाली, दिवे लागले, कठडा झाला. पाणी दिसतं. पाण्याला हात लागत नाही.

घडियाळी पोळ, वय 78

ताई, तुम्ही तळ्यापासून सुरुवात केलीत, मी घराच्या आतून करतो.

आमच्या वाड्याच्या चौकाखाली टाकं होतं. आजच्या मुलांना टाकं म्हणजे गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी वाटेल, म्हणून सांगतो. चौकाची फरशी, तिच्या मध्यभागी हातभर रुंदीचं तोंड, त्यावर तांब्याचं झाकण, आणि खाली दोन पुरुष खोल चुन्यानं गिलावा केलेली खोली. पावसाचं पाणी कौलांवरून पन्हळीत, पन्हळीतून नळकांड्यानं टाक्यात. पहिला पाऊस आत घ्यायचा नाही, तो कौलं धुवायला. आजोबा मघा नक्षत्र लागायची वाट बघायचे. मघाचं पाणी वर्षभर टिकतं, त्यात किडा पडत नाही, असं आमच्याकडेही म्हणत आणि शेजारच्या गुजराती घरांतही. त्या दिवसांत ढग दाटले की आजी आधी गच्ची झाडून घ्यायची आणि मग आजोबा नळकांड्याचं तोंड टाक्याकडे वळवायचे.

वर्षातून एकदा टाकं बघायचं असायचं. झाकण काढून आत डोकावलं तर काळोख. मग आजोबा आजीचा हातआरसा घेऊन चौकात उन्हात बसायचे आणि कवडसा आत सोडायचे. तो पिवळा तुकडा भिंतीवरून सरकत खाली जायचा, पाण्याला लागला की थरथरायचा, आणि मग एकदम तळ दिसायचा. तळाशी कधीकाळी पडलेली एक पितळी वाटी होती. दर वर्षी आम्ही भावंडं ती वाटी आहे ना हे बघायचो. काढायचा प्रयत्न कुणी केला नाही.

नळ होताच. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं सरोवर बांधून 1892 मध्ये शहराला नळाचं पाणी दिलं. वीसेक किलोमीटरवरून ते पाणी नुसत्या उतारानं शहरापर्यंत यायचं याचं माझ्या वडिलांना मरेपर्यंत अप्रूप होतं. पण पणजोबांनी नळाचं पाणी देवाला कधी चालू दिलं नाही. चावीत कातड्याची चकती असते म्हणून. अंघोळीला नळ, पिण्याला आणि पूजेला टाकं, असे आमच्या घरात दोन पाणी कितीतरी वर्षं नांदले.

2006 मध्ये वाडा पाडून फ्लॅट झाले. टाकं बुजवायला मुरमाच्या नऊ ट्रॉल्या लागल्या. मी उभा राहून मोजल्या. त्या वाटीची आठवण मला सहाव्या ट्रॉलीला झाली.

बाबाजीपुरा

मी आठ वर्षं म्युझिक कॉलेजात गाणं शिकले. ते थेट सुरसागरच्या काठावर आहे हे बडोदेकरांना सांगायला नकोच. 1886 मध्ये सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा ती हीच.

आमच्या वर्गाची बारी पाण्याकडे होती. (हो, बारी. खिडकी हा शब्द आमच्या घरात पाहुण्यांसमोर वापरायचा होता.) श्रावणात तळं काठोकाठ भरलं की हवा इतकी दमट व्हायची की तंबोरा लावून तोंड फिरवलं की उतरलेला. गुरुजी ओरडायचे नाहीत. ते बारीशी जाऊन पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय ते बघायचे आणि म्हणायचे, "आज तास लावण्यातच जाणार." खरंच कित्येक तास आम्ही नुसतं षड्ज लावण्यात घालवले. समोर पाणी, आतल्या खोलीतून तबल्याचे कायदे, वरच्या मजल्यावर कथकचे ततकार. आज मला वाटतं, माझा कान तयार झाला तो त्याच तासांत.

आणि मे महिन्याचंही लिहायला हवं. पाणी तळाला जायचं, मासे मरून काठाला लागायचे, आणि दुर्गंधी अशी की नाकाला रुमाल लावून पलटे म्हणायचे. सुरसागर तेव्हा सुंदरच होता असं जे म्हणतात त्यांनी त्याला फक्त संध्याकाळी पाहिलेलं असावं. मला तो दोन्ही वेळचा आवडायचा.

जाता जाता: संगीत नाटकाचा प्रयोग असला की कॉलेज सुटल्यावर तशाच गांधीनगर गृह या नाट्यगृहाकडे पळायचो. मुंबईहून आलेली नाटकं आणि समोर अस्सल बडोदेकर प्रेक्षक. दाद द्यायची ती "वाहवा" अशी आणि शेजारणीला चहाचं विचारायचं ते "चाय पियाची का?" असं.

वाडी

मी थोडंच लिहीन. सुरसागरमध्ये तेव्हा नाव चालायची. 1993 च्या ऑगस्टमध्ये ती उलटली आणि 22 माणसं गेली. आम्ही त्याच्या आदल्याच रविवारी त्या नावेत बसलो होतो. धाकट्या भावानं पाण्यात हात घातला म्हणून आईनं त्याला चापट मारली होती. बातमी आली त्या रात्री आई त्याचा तो हात धरून बसली, सकाळपर्यंत सोडला नाही. जानेवारी 2024 मध्ये हरणीच्या तळ्यावर सहलीची बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या. आई आता 80 ची आहे. तिनं टीव्ही बंद केला आणि भावाला अहमदाबादला फोन लावला. बोलली काहीच नाही, जेवलास का एवढंच.

प्रतापनगर, रेल्वे क्वार्टर्स

बडोद्याला समुद्र नाही म्हणता, पण मी बडोद्याहून समुद्र बघायला गेलोय, आणि तोही छोट्या गाडीनं.

वडील नॅरोगेजवर होते. गायकवाडी रेल्वेची परंपरा आमच्या क्वार्टर्समध्ये घराण्यासारखी सांगितली जायची: 1862 मध्ये डभोई ते मियागाम बैलांनी गाडी ओढली तिथपासून. प्रतापनगरहून जंबुसरला गाडी जायची, पादरा, मासर रोड करत. इतकी सावकाश की उतरून बोरं तोडून पुन्हा चढता यायचं. वडील चिडायचे, पण तेही करायचे. जंबुसरहून पुढे एसटीनं कावी-कंबोई. तिथे खंभातच्या आखाताच्या काठावर स्तंभेश्वर महादेव आहे, भरतीला अख्खी पिंडी पाण्याखाली जाते.

मी सात वर्षांचा. समुद्र म्हणजे चित्रातला, निळा, लाटांचा. पोचलो तेव्हा ओहोटी होती. नजर जाईल तिथवर नुसता चिखल. ओला, चकाकणारा, करड्या रंगाचा, त्यात बारीक खेकड्यांची भोकं. मी रडायलाच लागलो. "समुद्र कुठाय?" वडिलांनी मला दगडावर बसवलं, शेंगदाण्याची पुडी हातात दिली आणि म्हणाले, "येतोय. वेळापत्रक आहे त्याचं." रेल्वेचा माणूस होता, त्यांना वेळेवर येणाऱ्या गोष्टींबद्दल फार आदर होता.

आणि तो आला. लाटा नाहीत, आवाज नाही. आधी लांब एक रेघ चमकली, मग चिखलातल्या चरांतून पाणी बोटांसारखं सरकत पुढे आलं, मग चर भरले, मग चर दिसेनासे झाले. मी शेंगदाणे खायचे विसरलो. तासाभरात देऊळ पाण्यात. पुजारी आम्हाला मागे सरकायला सांगत होता आणि वडील घड्याळ बघून मान डोलवत होते.

नंतर नोकरीनिमित्त मी विशाखापट्टणमला सहा वर्षं होतो. रोज निळा समुद्र बघितला. पण समुद्र म्हटलं की मला अजून तो करडा, चिखलातून चालत येणारा समुद्र दिसतो. ती छोटी गाडी आता नाही. वडीलही नाहीत.

नवायार्ड

घडियाळी पोळच्या काकांचं टाकं वाचलं. आरशाचा कवडसा फार आवडला. पण माझ्याकडचं पाणी वेगळं आहे, तेही इथे असू द्या.

माझी आजी लग्न होऊन खानदेशातून इकडे आली. अशाच एका पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीत, झाडलोटीला जायची. तहान लागली की ओट्याखाली उभं राहून ओंजळ धरायची आणि घरातली बाई वरून तांब्यानं पाणी ओतायची, ओंजळीला तांब्या लागणार नाही इतक्या उंचीवरून. आजी सांगायची, निम्मं पाणी कोपरावरून लुगड्यावर जायचं. म्हणून उन्हाळ्यात तिचं लुगडं पुढून नेहमी ओलं असे. ते ती रागानं सांगत नसे. ओंजळ कशी घट्ट धरायची ते आम्हा मुलींना शिकवत असे, जणू तो एखादा उपयोगी गुण होता. मला राग यायचा तो त्याचाच.

आमच्या घराची सहल कमाटीबागेत असायची. छोटी रेल्वे, फुलांचं घड्याळ हे सगळं शेवटी. आधी वडाच्या झाडापाशी. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन परदेशात शिकून आलेले बाबासाहेब 1917 मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत उतरले होते तिथून लोकांनी बाहेर काढलं. ते याच बागेत झाडाखाली येऊन बसले. 23 सप्टेंबरला आम्ही दर वर्षी तिथे जातो, आता त्याला संकल्पभूमी म्हणतात. लहानपणी आई घरून स्टीलची बरणी भरून पाणी न्यायची आणि तिथे जमलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पेल्यातून द्यायची. कोण, कुठला, काही विचारायचं नाही. उन्हात रांग लागायची. ते पाणी आजव्याचंच होतं, नळाचं, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरी येणारं. माझ्या लहानपणीचं पाणी म्हणजे ती बरणी.

आई गेल्यावर ती बरणी माझ्याकडे आली. झाकणाला पोचा आहे, नीट बसत नाही. बदलली नाही.

समा

कुणी विश्वामित्रीचं लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

आम्ही मुलं नदीवर जायचो ती मगरी मोजायला. पावागढहून येणारी ही नदी शहराच्या पोटातून वळणं घेत जाते आणि मगरी तिच्यात कायमच्या रहिवासी. हिवाळ्यात सकाळी पुलावरून बघितलं की काठाच्या चिखलात ऊन खात पडलेल्या असायच्या. जबडा उघडा टाकून. त्यांची शिकार होत नसे, त्यांना कुणी दगडही मारत नसे, मारला तर मोठी माणसं रागवायची. 2025 च्या मोजणीत चारशेच्या वर निघाल्या. इतक्या मोठ्या शहरात, माणसांच्या इतक्या जवळ. मला याचा अभिमान वाटतो हे लिहून टाकतो. बडोदेकरांनी नदीचं पुष्कळ वाईट केलं, पण मगरींना राहू दिलं.

वाईट काय केलं तेही लिहितो. माझ्या लहानपणी समा भागात नदीच्या वळणांना लागून कोतरं होती. कोतर म्हणजे पावसानं कापलेली घळ, बाभळी, कण्हेरी, मोर. पावसाळ्यात पाणी चढलं की आधी कोतरांत पसरायचं, आठवडाभर साठायचं, मग हळूहळू उतरायचं. आम्ही तिथे बेडूक पकडायचो. मग भराव पडले, प्लॉट पडले, सोसायट्या उभ्या राहिल्या. मी ज्या घरात राहतो तेही अशाच भरावावर आहे, हे मला घर घेताना कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं. स्वस्त होतं.

31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याहून वाईट. वरून पाऊस, तिकडे आजवा भरलेला. पावसाळ्यात बडोद्याचा माणूस दुसऱ्याला "केम छो" नंतर विचारतो ते "आजवा केटला?" आजव्याची पातळी 211 फुटांवर गेली की लोक गाड्या पुलांवर नेऊन लावायला लागतात, कारण तिथून सुटलेलं पाणी विश्वामित्रीतच यायचं. काळाघोड्याच्या पुलापाशी 26 फूट ही धोक्याची खूण. 2024 च्या पुरात पाणी 35 च्या वर गेलं.

आमच्या तळमजल्यावर रात्री दोनला पाणी आलं. आधी संडासातून, मग दारातून. आईला आम्ही खुर्चीसकट वर नेलं. मग फेऱ्या सुरू झाल्या: गॅसची टाकी, कागद, देव, गाद्या. पहाटे वीज नव्हती. मी जिन्याच्या मधल्या वळणावर टॉर्च घेऊन बसलो होतो, पाणी किती पायऱ्या चढलं ते बघायला. सातव्या पायरीला थांबलं. आणि टॉर्चच्या उजेडात, जिथे आमची मोटारसायकल होती त्याच्या वर, दोन तांबूस ठिणग्या दिसल्या. डोळे. छोटी होती, चारेक फुटांची. भिंतीला लागून गप्प. तिलाही उतारच शोधायचा असणार. ती आणि मी तासभर तसेच बसून होतो. उजाडल्यावर खालच्या गल्लीतून ती निघून गेली, फाटकावरून, शेपूट न हलवता.

पाणी उतरल्यावर घरभर वीतभर गाळ. बायको सोफ्यासाठी रडली नाही, फ्रीजसाठी रडली नाही. खालच्या कपाटात तिच्या आजीचं हस्तलिखित होतं, पाककृतींचं, मोडी वळणाच्या बाळबोधीत. त्याचा लगदा झाला होता. एक पान वाचलं, सांडग्यांचं. ते तिनं चपातीसारखं उलटंपालटं करून उन्हात वाळवलं.

पुणे (मूळ दांडिया बाजार)

सव्वीस वर्षं झाली बडोदं सोडून. सुट्टीत आलो की स्टेशनवरून थेट सेव-उसळ. तिखट तर्री, वरून पातीचा कांदा, आणि सोबत स्टीलच्या ग्लासातलं पाणी. ते पाणी पिताना घशाला कळतं की घरी आलो. पुण्यात माझ्या मुलींना हे पटत नाही, पाण्याला चव नसते म्हणतात. वरच्या संगीतवाल्या ताईंचं "चाय पियाची का" वाचून ऑफिसात हसू आलं आणि मग घसा दाटला. घरात असं बोलणारी शेवटची माझी आत्या होती.

मांजलपूर, वय 23

सगळ्यांचं वाचलं. मला टाकं माहीत नाही, होडी माहीत नाही, सुरसागरात गणपती गेलेला मी पाहिलेला नाही. माझ्या जन्माच्या आसपास तळ्यात महादेव उभा राहिला, 111 फुटांचा. म्हणजे माझ्यासाठी तो नेहमीच होता. मोठी माणसं "आता तिथे पुतळा आहे" असं म्हणतात तेव्हा मला थोडं वाईट वाटतं, कारण माझं लहानपण तेच आहे.

महाशिवरात्रीला शिवजीची सवारी निघते, ती संध्याकाळी सुरसागरला पोचते आणि महाआरती होते. बाबा मला खांद्यावर घ्यायचे. चारही काठांवर माणसं, सगळ्यांच्या हातात दिवे, आणि पाण्यात त्या सगळ्यांचं उलटं प्रतिबिंब. मी बाबांच्या केसांना घट्ट धरलेलं असायचं आणि वाटायचं, खाली आणखी एक बडोदं आहे आणि तिथेही एक मुलगी बाबांच्या खांद्यावर बसली आहे. अजूनही तळ्याच्या काठानं जाताना मी तिला शोधते.

मी मराठी बोलते, गुजरातीत विचार करते, आणि मराठी शाळेत गेलेली नाही. 2018 मध्ये इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा आजी मला हात धरून घेऊन गेली होती. तेव्हा कंटाळले होते. आज हे सगळं वाचताना देवनागरीत टाइप करायला तिथूनच शिकले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. चुका असतील तर सांगा, सुधारेन.

घडियाळी पोळ, वय 78 (पुन्हा)

नवायार्डच्या ताई, तुमचं लिहिलेलं परवा वाचलं. दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

आमच्या ओट्याखालीही एक बाई ओंजळ धरून उभी राहायची. पाणी ओतायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असे, मी आठ-नऊ वर्षांचा होतो, आणि तांब्या किती उंच धरायचा हे मला आजीनं दाखवलं होतं. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. टाक्यातल्या वाटीची आठवण मी इतकी बारीक लिहिली आणि हे लिहिलं नाही, ते मला सुचलंसुद्धा नाही, याचं मला फार लागलं आहे.

यंदा 23 सप्टेंबरला गुडघे साथ देतील तर कमाटीबागेत येईन. तुमच्या बरणीतलं पाणी मला द्याल का?

नवायार्ड

या काका. रांगेत उभं राहावं लागेल, ऊन असतं, टोपी आणा.

रावपुरा (आता वासणा रोड)

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. नातीला रोज रात्री एकेक वाचून दाखवते आहे. मगरीचं तीनदा वाचावं लागलं. मांजलपूरच्या मुली, शुद्धलेखन उत्तम आहे तुझं, आणि पुतळ्याबद्दलचं तुझं म्हणणं मी लक्षात ठेवीन.

नातीचा आता हट्ट आहे की तिला चिखलातून चालत येणारा समुद्र बघायचा. तिनं नकाशा काढून मला दाखवलं: विश्वामित्री जाते ढाढरला, ढाढर जाते खंभातच्या आखाताला, म्हणजे आपल्या पुलाखालचं पाणी तिथेच पोचतं. मी साठ वर्षं त्या पुलावरून जाते आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

प्रतापनगरच्या भाऊंना विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, अमावास्येच्या आसपास जा, भरती मोठी असते. ओहोटी असतानाच पोचा, शेंगदाणे बरोबर घ्या. येत्या अमावास्येला सकाळी सहाला निघतो आहोत. मी फडताळातून वडिलांचा गणपतीचा पाट काढून पुसून ठेवला आहे. समुद्रावर पाट कशाला, असं सून विचारते आहे. माती आणायला, म्हटलं.